नेसायचं की देण्याघेण्याचं?

भूमच्या बाजारपेठेतल्या एका शेठच्या कापडदुकानात मी नोकरीला होतो, सदतीस वर्षं गादीवर मांडी घालून. गुडघे गेले ते तिथंच. गिऱ्हाईक पायरी चढून आलं, टेकलं, पाणी प्यालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "नेसायचं दाखवू, का देण्याघेण्याचं?"

शहरातल्या वाचकाला हा प्रश्न कदाचित उमगायचा नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं लग्न म्हणलं की आहेर आला. बाईला साडी, गड्याला टॉवेल-टोपी. त्यात राखायचा असतो तो मान, कापड कोण बघतं? त्यामुळं घेणारी बाई ती साडी नेसतच नाही. कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसरीला देते, दुसरी तिसरीला. घडीसुद्धा न मोडता एकेक साडी चार-चार गावं हिंडून येते. एका बाईनं मला शपथेवर सांगितलं होतं की तिनं दिलेली साडी दोन वर्षांनी परंड्याच्या एका लग्नात तिलाच आहेरात आली, घडीत तिच्याच नावाच्या चिठ्ठीसकट. मी म्हणलं, "मग काय केलं?" म्हणाली, "काय करायचं? चिठ्ठी काढली अन् दिली पुढं."

आता बघा, जी कुणी नेसणारच नाही ती साडी करणारा तिच्यात जीव कशाला ओतंल? लोक विचारतात, "एवढं स्वस्त त्यांना परवडतं कसं हो?" अहो, परवडतं, कारण जे डोळ्याला दिसत नाही ते सगळं काढून घेतलेलं असतं. सूत नसतंच, प्लास्टिकच्या जातीचा धागा असतो. वीण विरळ असते. ती भरीव वाटावी म्हणून वरून खळ थापतात. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि साडीची मच्छरदाणी होते. लांबीत वीतभर चोरी, पन्ह्यात चार बोटं चोरी. कापड रंगवल्यावर ते चांगलं धुऊन जादाचा रंग काढून टाकावा लागतो. त्याला पाणी लागतं, वेळ लागतो, माणूस लागतो. स्वस्तातला माल करणारा ते काम करतच नाही, तो रंग तुमच्या घामानं निघायचा तेव्हा निघतो. आणि शिवलेला कपडा असला तर शिवणारीच्या मजुरीला कात्री लावलेली असते, ते आणखी वेगळंच.

"मग असलं घालावं का नाही?" हा लोकांचा दुसरा प्रश्न. अहो घाला की! गरिबानं काय उघडं हिंडायचं? आणि महाग म्हणजे चांगलं असंही काही नाही. काचेत टांगलेला जाळीचा घागरा असतो ना, भारीतला, त्याच्याइतकं बेभरवशाचं कापड मी आमच्या कोपऱ्यातल्या स्वस्त गठ्ठ्यातसुद्धा बघितलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की नवं कापड आधी धुवा, मग अंगाला लावा. नव्या गठ्ठ्याची दोरी कापली की आमचे डोळे चुरचुरायचे, शिंकांवर शिंका यायच्या. जे डोळ्याला लागतं ते कातडीला लागणार नाही का? पण आमच्या लोकांना कोरं पाहिजे. धुतलं की ते जुनं झालं, आणि शुभकार्याला जुनं चालत नाही.

पाथरूडकडचा एक नवरदेव याच्यापायी फसला. हल्ली हळदीला सगळ्यांनी पिवळे कुर्ते घालायची टूम निघालीय. त्याच्या बापानं माझ्याकडून चाळीस कुर्ते नेले, सगळ्यात हलके. मी म्हणलं, "तेवढं एकदा धुऊन घाला." म्हातारा खवळला. "हळदीला धुतलेलं कापड? आमच्यात चालत न्हाय." तिसऱ्या दिवशी बाप-लेक दुकानात हजर. नवरदेवाची मान आणि काखा लालभडक, गांधी उठलेल्या, खाजवून खाजवून बेजार. पण ते माझ्याशी भांडायला आलेच नव्हते. ते किराणावाल्याशी भांडून आले होते, की हळदीत भेसळ केली म्हणून, आणि माझ्याकडं मलमाची पट्टी बांधायला मऊ कापड मागायला आले होते. मी पांढरा रुमाल ओला केला आणि नवरदेवाच्या पिशवीतला कुर्ता त्यावर घासला. रुमाल पिवळा जर्द. म्हणलं, "ही बघा तुमची भेसळ. जा, त्या किराणावाल्याची माफी मागा." म्हाताऱ्यानं माफी मागितली का नाही, ठाऊक नाही. पण कुर्ते मीच विकले होते आणि एकदा सांगून गप्प बसलो होतो, हेही तितकंच खरं.

तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पुढचं सांगताना हसू येत नाही.

माझी थोरली बहीण आहे, अक्का. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याच गल्लीत राहते आणि लग्नाच्या स्वयंपाकाला जाते. तिच्यासोबत आणखी सहा बायका. सातजणी मिळून हजार माणसांचं जेवण उठवतात. असल्या बायकांना साड्यांचा तोटा नसतो, कारण प्रत्येक लग्नात एक मिळतेच. पण पुढं कुणाला द्यायला त्यांच्या घरात कार्यं कुठं असतात? मग चार गावं हिंडून आलेली साडी अखेर त्यांच्या अंगावर येऊन थांबते. आणि या बायका दिवसभर बसतात कुठं, तर चुलांगणापुढं. म्हणजे जमिनीत चर खणून केलेली लांबलचक चूल, दोन्हीकडून लाकडं पेटलेली, वर पाच-सहा मोठाली भांडी.

मी नोकरी सोडायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. दुपारी दुकानात निरोप आला, अक्का भाजली. मी चप्पल न घालताच दवाखान्यात पळालो. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजलेला. मला बघून म्हणाली, "पदर जाळात गेला रं वसंता. मी झटकाया गेले तर त्यो हातालाच चिकटला. गुळाच्या पाकावानी. निघता निघंना." ड्रेसिंग करणारी सिस्टर चिमट्यानं एकेक तुकडा काढून ट्रेमध्ये टाकत होती. एका तुकड्यावर किनार शिल्लक राहिली होती, निळ्या पानांची.

ती किनार मी ओळखली. त्या पानांचा गठ्ठा मीच फोडला होता. "देण्याघेण्याला एक नंबर माल हाय" म्हणत महिन्याभरात मीच तो संपवला होता. सख्ख्या बहिणीच्या हातातून माझ्या दुकानाचा माल चिमट्यानं उपटून काढताना मी बघितला. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

अक्का बरी झाली. दोन बोटं मात्र सरळ होत नाहीत. एकदा मी तिला ते किनारीचं सांगून टाकलं. वाटलं, चार शिव्या घालील, मन हलकं होईल. तर ती म्हणाली, "आरं, तू काय माझ्यासाठी विकलीस व्हय ती? कुणातरी बाईसाठी विकलीस." या वाक्यानं मला कित्येक दिवस जेवण गेलं नाही.

आमच्या दुकानासमोर मुनीरभाई टेलर बसायचे. बापाच्या वेळेपासूनचं मशीन, आणि कापडाची पारख अशी की डोळे मिटून सांगतील. मी त्यांच्याकडं जाऊन बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वसंतराव, तुम्ही कापड हाताला इचारता. हात फसतो. कापड आगीला इचारायचं, आग झूट बोलत न्हाय." त्यांनी दोन चिंध्या घेतल्या. सुती चिंधी पेटवली. ती जळाली, कागद जळाल्यासारखा वास आला, फुंकल्यावर विझली आणि मागं राख राहिली, चिमटीत धरली की भुगा. दुसरी पेटवली. ती आधी आकसली, मग वितळली, टपकन थेंब खाली पडला आणि गार झाल्यावर त्याचा काळा टणक मणी झाला. "सुतीबी पेटतं बरं का," मुनीरभाई म्हणाले, "आगीम्होरं कुठलंच कापड शहाणं न्हाय. पण सुती झटकलं तर सुटतं. हे सुटत न्हाय."

चौतीस वर्षं कापड विकत होतो मी तेव्हा. ते जाळापाशी काय करतं हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी हेका धरला. देण्याघेण्याची साडी मागणाऱ्याला विचारायचं, "कुणाला द्यायचीय?" भावकीला, विहिणीला, चुलत-मावसाला म्हणाले तर मुकाट गठ्ठा सोडायचा, हिंडू दे चार गावं. पण स्वयंपाकिणीला, भांडीवालीला म्हणाले की हात आखडायचा. शेठ वैतागले. "वसंतराव, दुकान हाय का दवाखाना? गिऱ्हाइकाची उलटतपासणी करायची नसती." मी म्हणायचो, "शेठ, मला काढून टाका." ते काढणार नाहीत हे मला माहीत होतं, कारण निम्मी गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडं बघून यायची. निम्मी माझ्या तोंडामुळं जायलाही लागली होती, ते वेगळं.

नोकरीतला शेवटचा हंगाम. ईट गावातल्या एका बड्या घरच्या वैनी आहेराच्या साड्या घ्यायला आल्या. पोरीचं लग्न, शंभरावर साड्या. त्या घराची एक जुनी चाल होती: चूल पेटवायच्या आधी स्वयंपाकिणींना कुंकू लावून साडी द्यायची आणि मगच कढई चढवायची. चाल चांगली. आणि स्वयंपाकाला सांगितलेल्या सातजणी कोण, तर अक्का आणि तिच्या सोबतिणी.

वैनी म्हणाल्या, "देण्याघेण्याच्या काढा. सगळ्या एकाच दराच्या."

मी म्हणलं, "वैनी, बाकीच्या काढतो. त्या सात मात्र ह्या गठ्ठ्यातल्या दाखवणार न्हाय."

"का? त्या बायकांनी काय घोडं मारलंय?"

"घोडं न्हाय मारलं, म्हणूनच. त्यांना सुती द्या."

"वसंतराव, स्वयंपाकिणीला सुती दिली तर नणंदांना काय देऊ? पैठणी? तुमी साड्या दाखवा. शिकवू नगा."

शेठ गल्ल्यावरून माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मला समजत होतं की आपण शहाणपणा करतोय. पण थांबता येईना. मी गठ्ठ्यातल्या साडीच्या काठाची चार बोटं चिंधी कात्रीनं कापली. शेठ "अहो, अहो" करेस्तोवर देवापुढची काडेपेटी घेऊन ती पेटवलीसुद्धा. चिंधी आकसली, वितळली आणि थेंब पडला तो थेट गादीच्या पांढऱ्या चादरीवर. चादरीला भोक, खाली गादीला भोक, कापूस धुपायला लागला. मी तांब्यातलं पाणी ओतलं.

शेठ ओरडले, "दुकान जाळता का माझं!"

मी वैनींकडं बघून म्हणलं, "चादरीच्या जागी हात समजा. माझ्या बहिणीचा हात असाच गेलाय. तुमच्याच मांडवात चुलीवर बसणार हाय ती."

वैनी पुढं वाकल्या, तो गार झालेला काळा मणी नखानं उचकटायला बघितलं. निघाला नाही. मग म्हणाल्या, "सुतीची चिंधी जाळून दावा." मी दाखवली. त्यांनी राख अंगठ्यानं चुरून बघितली, पदराला पुसली.

"नणंदांना जे न्यायचं ते ह्याच गठ्ठ्यातलं द्या," त्या म्हणाल्या. "त्या काय चुलीपुढं जात न्हाईत. सातजणींना सुती काढा. पण किनार ठसठशीत पाहिजे. नाव माझं हाय."

मी सात साड्या काढल्या. जाड सूत, मोतिया रंग, लाल रुंद किनार. शेठनी त्या चादरीचं मला कितीतरी दिवस ऐकवलं. ऐकून घेतलं. उभ्या नोकरीत मी एवढा खूश कधीच नव्हतो. वाटलं, चला, जाता जाता एक तरी काम नीट झालं.

लग्नाचं मलाही निमंत्रण होतं. सकाळच्या एसटीनं ईटला उतरलो आणि मांडवात न जाता आधी मागं चुलांगणाकडं गेलो. खरं सांगतो, मला माझ्या साड्या बघायच्या होत्या. लाल किनारी चुलीपुढं रांगेनं बसलेल्या बघायच्या होत्या.

पत्र्याच्या शेडखाली जाळ ढणढणत होता. वारा सुटला होता. सातीजणी कामाला लागलेल्या, आणि सातींच्या अंगावर तेच. जांभळं, मोरपिशी, गुलाबी, चकचकीत. अक्का कढईपुढं बुंदी पाडत होती, तिच्या अंगावर पिवळी झुळझुळीत. सुती साड्यांचं गाठोडं मागं तांदळाच्या पोत्यावर ठेवलेलं, वर रुमाल झाकून.

माझं डोकंच सणकलं. "अक्का, साड्या मिळाल्या न्हाईत का?"

"मिळाल्या की. कुंकू लावून दिल्या वैनींनी. लई झ्याक हायत रं, हात लावला तर सोडू वाटंना."

"मग नेसल्या का न्हाईत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी वेडाच आहे. "याड लागलं का तुला? असली साडी अन् चुलीपुढं? तेल उडंल, काजळी लागंल. ती म्या पंचमीला नेसीन. शेवंता तर लेकीला द्यायची म्हणती."

"अगं, चुलीपुढं नेसावी म्हणूनच दिलीय ती! तू नेसलीस तसल्याच साडीनं हात गेला तुझा, इसरलीस?"

"इसरंन कशी? पदर खोचलाय की मी. बघ."

तिनं कंबर दाखवली आणि पुन्हा कढईवर वाकली. वाकल्याबरोबर खोचलेला पदर सुटला आणि वाऱ्यानं जाळाकडं हेलकावला. हातभर अंतर राहिलं असेल. तिनं तो न बघताच मागं सारला, त्याच डाव्या हातानं, त्या वाकड्या दोन बोटांनी.

भांडून, जाळून, शेठच्या शिव्या खाऊन मी साड्या इथवर आणल्या होत्या आणि त्या पोत्यावर झाकून ठेवलेल्या. चूक तरी कुणाची म्हणावी? आमच्या घरात हेच चालत आलंय. चांगलं ते पेटीत ठेवायचं आणि वाईट ते कामाला वापरायचं. आमची आईसुद्धा तशीच गेली. तिची पेटी उघडली तेव्हा चार कोरी लुगडी निघाली आणि अंगावरचं ठिगळाचं होतं. अक्काला समजावून काही होणार नव्हतं. तिच्या लेखी ती साडी चांगली होती, आणि चांगली आहे तोवर ती चुलीपुढं येणार नव्हती.

मी गाठोडं सोडलं. वरची साडी घेतली, घडी मोडली. बायका हसायला लागल्या, "दादा, तुमी नेसताव का?" फोडणीच्या सामानात हळदीचं मोठं ताट होतं. मी तांब्यातल्या पाण्यात हात भिजवला आणि त्या हळदीत मनगटापर्यंत घातला.

सदतीस वर्षांत मी घामाचं बोटसुद्धा कापडाला लागू दिलं नव्हतं. भजी खाल्ली तर साबणानं दोनदा हात धुऊन गादीवर बसायचो. गिऱ्हाइकाच्या लेकराचा हात चिकट असला तर मी आधी तो पुसायचो. तो मी, आणि तो माझा हात. मोतिया सुतावर, ऐन पदरात, मी अख्खा पंजा दाबला.

"अगं बया!" शेवंताच्या हातातली पळीच पडली.

अक्का उठून उभी राहिली. "आरं मुडद्या, काय केलंस हे! कोऱ्या साडीचं वाटोळं केलंस!"

"केलं," मी म्हणलं. "नव्या साडीला हळदीचं बोट लावून नेसायची आपली रीत हाय, मी पंजा लावला. निघायचा न्हाय हा डाग, कापडातलं कळतंय मला. आता ही चांगली ऱ्हायली न्हाय. पंचमीला चालायची न्हाय अन् कुणाला द्यायलाबी चालायची न्हाय. आता नेस."

ती साडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. डागावर अंगठा घासून बघितला. तोंडातल्या तोंडात मला काय काय बोलली. मग झारा शेवंताकडं दिला आणि कनातीमागं गेली.

मी हळदीचा हात अंगापासून लांब धरून उभा होतो. एक माणूस पाणी आणायला आला, माझ्याकडं बघून परत गेला.

अक्का बाहेर आली. सुती साडी, लाल किनार, खांद्यावर माझा पिवळा पंजा. कढईपुढं बसली, झारा घेतला, पीठ पाडायला लागली. माझ्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"उभा काय ऱ्हायलास खांबासारखा?" ती म्हणाली. "हात भरलेला हाय तवर ह्या सहाजणींच्याबी उरकून घे. न्हायतर ह्या बया पेट्या भरून ठिवायच्या."

शेवंता कुरकुरली, पण तिनंच पहिली घडी माझ्यापुढं धरली. मी हात पुन्हा हळदीत घातला.